आबांना दोस्त भेटला

काल सासऱ्यांना, आबांना घेऊन स्मृतिभ्रंशाच्या पेशंटांच्या मेळाव्याहून आले तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय.

आबांनी काल एकाला ओळखलं. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "वस्ताद, लई दिसानं!" त्यांनीही आबांचा पंजा घट्ट धरला. मग जे सुरू झालं! १९५९ साली खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले ते, खासबागेत जागा धरायला दुपारीच जाऊन बसायचे ते, थंडाईचे बदाम कोण वाटायचं ते. आबांनी त्यांचं मनगट पकडून बसल्या जागी डाव समजावला. घरी चहाचा कप धरताना हाच हात थरथरतो.

त्या आजोबांच्या बायकोनं मला बाजूला घेतलं. "हे कधी तालमीची पायरी चढले नाहीत. जन्म टपालखात्यात गेला. पण बोलू देत."

म्हणजे ओळख खरी नव्हतीच. तरी मला इतकं का लागलं? मला रोज सकाळी विचारतात, "कुणाच्या ओ तुम्ही?" अंघोळ, गोळ्या, रात्री दोनदा उठणं, सगळं माझ्याकडं. वन्सं फोनवर रडतात, तेवढंच. प्रकाशचं तर लिहीतच नाही. पण मला बघून एकदा तरी "लई दिसानं" म्हणावं की!

डॉक्टर म्हणतात, मेंदूत नव्या आठवणी साठवणारा भाग आधी खराब होतो, तरुणपणचं मागं राहतं. मी या घरात आले तेव्हा आबा पन्नाशीत होते. तालमीनंतर कितीतरी वर्षांनी आलेली मी. हिशोब कळतो. लागायचं ते लागतंच.

मेळावा घेणारी पोरगी सांगत होती, नेदरलँड्समध्ये १९९७ साली बेर मीसेन या मानसशास्त्रज्ञानं अशा बैठका सुरू केल्या. पेशंट आणि घरचे एकत्र बसावेत, या आजाराबद्दल चारचौघांत मोकळं बोलता यावं म्हणून. मला तिथं आणखी एक दिसलं. आबांची परीक्षा कुणी घेत नव्हतं. घरी येणारा प्रत्येकजण चप्पल काढायच्या आधी विचारतो, "ओळखलं का? सांगा बघू मी कोण?" आबा कसनुसं हसतात, धोतराचा सोगा चाचपत राहतात. त्या आजोबांनी काहीच विचारलं नाही. नुसता हात धरला.

आज सकाळी "कुणाच्या ओ तुम्ही?" आलंच. म्हटलं, "इथलीच." तर म्हणाले, "मग बसा की, च्या घ्या." मी बसले. दारात आलेल्याला बसवून घेणं अजून आहे त्यांच्यात, आणि ते आज माझ्या वाट्याला आलं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

दुपारी त्या बाईंना फोन केला. रविवारी दोघांना रंकाळ्यावर न्यायचं ठरलं. त्या म्हणाल्या, "चारलाच या. अंधार पडायला लागला की हे घरी जायचं म्हणून हट्ट धरतात, घरात बसलेले असले तरी." आमच्याकडंही तेच. चारला पोचायचं तर तीनलाच सदरा घालायला घेतला पाहिजे. बटणं ते स्वतःच लावतात, आणि त्याला वेळ लागतो.