तीन, दो, छह: माझ्या हिरड्यांचा हिशेब

डिसेंबरातली गोष्ट. ऑफिसातून परतताना हातगाडीवरून जाम घेतले. (आमच्या इंदूरला पेरूला जाम म्हणतात. पुण्याहून येणारे पाहुणे यावर दरवेळी एकदा तरी हसून घेतात.) घरी येऊन चार फोडी केल्या, वर जीरावन मसाला भुरभुरवला आणि पहिला घास घेतला, तर हातातल्या पांढऱ्या फोडीवर दातांचा लाल ठसा. मी तो अंगठ्याने पुसला आणि उरलेली फोड खाऊन टाकली. इतकी सवय झाली होती.

रक्त दोन-तीन वर्षांपासून येत होतं. सकाळी ब्रश केला की बेसिनमध्ये गुलाबी फेस, उठल्यावर तोंडाला लोखंडाची चव. उजवीकडच्या खालच्या दोन दाढांच्या मध्ये पोळीसुद्धा अडकायला लागली होती. पण दुखत काहीच नव्हतं. दाढ ठणकली असती तर मी रात्रीच लवंगेचं तेल लावून सकाळी डॉक्टर गाठला असता. हे मुळी दुखतच नाही, आणि मी तिथेच फसले.

शिवाय आमच्याकडे हा घराण्याचा वारसा समजला जायचा. रामबागेतल्या घरी आई रोज मीठ आणि सरसूचं तेल हिरड्यांना चोळायची, 'पायोरिया आहे ग' म्हणायची, आणि चोपन्नाव्या वर्षी तिची कवळी रात्री स्टीलच्या वाटीत पाण्यात दिसायला लागली. मी एक्कावन्नची. मनात कुठेतरी वाटीची तयारी झालेलीच होती.

मध्ये एकदा एका दवाखान्यात दात साफ करून घेतले होते. पंधरा मिनिटांत चकचकीत करून दिले, वर रक्त थांबवणारी म्हणून एक पेस्ट दिली. हिरडीखाली कुणी डोकावलंच नाही. मीही खूश होते, दात पांढरे दिसत होते ना.

जामची फोड बघून मात्र हे म्हणाले, "अगं, तुझं रोज हात धुताना बोटातून रक्त आलं असतं तर गप्प बसली असतीस का?" नवरेमंडळी कधीतरी बरोबर बोलतात. जाऊबाईंनी सांगितलं की हिरड्यांचे डॉक्टर वेगळे असतात, पेरिओडॉन्टिस्ट. त्यांनी स्वतः सरकारी डेंटल कॉलेजच्या त्या विभागात उपचार घेतले होते. मला ऑफिसच्या वेळा सांभाळायच्या होत्या म्हणून मी घराजवळच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील, पण पहिल्या वाक्यापासून "आंटीजी".

त्यांनी एक बारीक पट्टी हातात घेतली. सळईसारखी, टोकाला मिलिमीटरच्या काळ्या खुणा. ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत हळूच सोडायची आणि किती खोल जाते ते बघायचं. एका दाताला सहा ठिकाणी. माझे दात अठ्ठावीस, म्हणजे १६८ आकडे. डॉक्टरबाई बोलत होत्या, मदतनीस मुलगी लिहीत होती: "तीन, दो, तीन. तीन, चार, छह." मी हिशेबनीस बाई. आयुष्यभर दुसऱ्याने आकडे वाचायचे आणि मी टिपायचे. इथे डोळे मिटून नुसती ऐकत होते, आणि एकदा "सात" ऐकलं तेव्हा खुर्चीचा हात घट्ट धरला. तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे हिरडी दातापासून सुटून खिसा तयार झालाय असं धरतात. शिवाय जिथे पट्टी लावल्यावर रक्त येई तिथे तक्त्यात लाल टिंब. माझा तक्ता गोवर आल्यासारखा दिसत होता.

मग पूर्ण जबड्याचा एक्स-रे. काही दातांच्या भोवतीचं हाड खाली सरकलेलं मलाही दिसलं. ते हाड साफसफाईने परत येत नाही, आहे तिथे थांबवता येतं, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं.

त्यानंतर त्यांनी विचारलं, "खून आता है तो वहाँ ब्रश कम करते हो ना, आंटीजी?" मी मान डोलावली. गडबड तिथेच होती. दाताच्या कडेला साचणारा मऊ थर वेळच्या वेळी निघाला नाही की लाळेतल्या कॅल्शियमने कडक होतो, त्याचं किटण होतं. किटणाच्या खरबरीत पृष्ठभागावर आणखी थर बसतो, हिरडी सुजते, रक्त येतं. रक्त येतं म्हणून मी ती जागा जपायची, आणि तिथे थर आणखी साचायचा. मी जपून जपून रोग वाढवला होता.

त्यांनी साखरही विचारली. चार वर्षं गोळी चालू आहे, पण तपासणीला टाळाटाळ. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी (एचबीए१सी) केली तर ८.४ टक्के, म्हणजे जास्तच. मधुमेह आटोक्यात नसला की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही, दोघी एकमेकींना धरून. मधुमेहाच्या डॉक्टरांकडे मला त्यांनीच हुसकलं.

सफाई दोन बैठकांत झाली, एका आठवड्यात उजवी बाजू, पुढच्या आठवड्यात डावी. सुई टोचून बधिर करतात, त्यामुळे दुखलं नाही. पण आवाज! आधी पाणी उडवणारं यंत्र, आणि त्यानंतर हाताने, वाकड्या टोकाच्या हत्याराने मुळाची बाजू खरवडणं. दुधाच्या करपलेल्या पातेल्याची खरवड काढताना जो आवाज येतो, तोच, पण आपल्या कवटीच्या आतून. मध्येच त्यांनी गॉजवर एक तुकडा दाखवला. तिळापेक्षा लहान, काळपट हिरवा. वरचं किटण पिवळट असतं, हिरडीखालचं रक्ताच्या रंगाने काळं पडतं. असला खडा मी वर्षानुवर्षं सांभाळत होते, आणि वरून हसताना दात पांढरे!

खर्च विचाराल तर एका महिन्याच्या किराण्याएवढा आला.

पुढचे पंधरा दिवस क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाने चूळ, दिवसातून दोनदा, आणि पेस्टनंतर अर्धा तास थांबून, नाहीतर पेस्टमधला फेस औषधाचं काम बिघडवतो. चव पार गेली. रविवारचे पोहे खाताना जिलबी कुठली आणि पोहे कुठले हे डोळ्यांनीच कळत होतं. त्यात माझा चहा काही सुटला नाही, त्यामुळे दातांवर तपकिरी डाग पडले. ते नंतर निघाले.

खरी घाबरले ते सूज उतरल्यावर. समोरच्या खालच्या दातांत खिडक्या दिसायला लागल्या, थंड पाणी झिणझिणायला लागलं. शेजारच्या काकूंनी लगेच निदान केलं, "मशीन लावलं की दात सैल होतातच, मी सांगत होते." मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या फटी आधीपासूनच होत्या, किटणाने आणि सुजेने बुजलेल्या. किटण म्हणजे दात धरून ठेवणारं सिमेंट असं मानणाऱ्या काकू प्रत्येक गल्लीत आहेत. माझीही अर्धी समजूत तशीच होती, उगाच त्यांना का बोलू?

त्या खिडक्यांसाठी बारीक ब्रश मिळतात, बाटली धुण्याच्या ब्रशचं पिल्लूच जणू. रोज रात्री प्रत्येक फटीत एकदा. पहिले आठ-दहा दिवस रक्त आलं, थांबायचं नाही असं बजावलेलं होतं. मुख्य ब्रश मऊ, हिरडीच्या कडेशी तिरका धरून, जागच्या जागी थरथरवत. तोपर्यंत मी दात घासायची ते फरशी घासल्यासारखं. अकराव्या की बाराव्या दिवशी फेस पांढरा आला. मी यांना बोलावून दाखवला. "पेस्ट आहे," असं म्हणून हे पेपर वाचायला गेले.

आठ आठवड्यांनी पुन्हा आकडेवारी. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. तीन, दो, तीन. दो, तीन, चार. लाल टिंबं मोजकीच. साखर ७.३, अर्थात त्यात नवी गोळी आणि बंद झालेली जिलबी यांचाही हात आहे. पण ती उजवीकडची दाढ मागच्या बाजूने सहावरच अडली. एवढ्या खोल खिशात वरून हत्यार नीट पोहोचत नाही, म्हणून तिथली हिरडी थोडी उघडून सफाई करायची आणि टाके घालायचे असं ठरलं. तारीख निघाली होळीच्या आधीची. मी पहिला प्रश्न विचारला तो टाके कधी काढणार हा, कारण रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जायचं असतं आमचं, दरवर्षी, न चुकता.

डॉक्टरबाईंनी कॅलेंडर बघितलं. "टाँके तो निकल जाएँगे, आंटीजी. बस मुँह बंद रखना."