जतचा ड्रॅगन आणि पडवीतले ॲस्ट्रोफायटम

मिरज सोडून कवठेमहांकाळच्या पुढं गेलं की हिरवं कमी कमी होत जातं, द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड मागं पडतात, ढालगावच्या अंगाला पवनचक्क्या दिसायला लागतात आणि मग येतं जत. मित्राच्या मामांची ड्रॅगन फ्रूटची बाग बघायला गेलेलो, पण निम्मा दिवस पडवीतल्या कुंड्यांपाशीच गेला.

मामांना कॅक्टसचा नाद आणि त्यातही ॲस्ट्रोफायटमचा. कॅक्टसचाच मेक्सिकोतला छोटासा वंश, मोजून पाच-सहा जाती, त्यातली ॲस्टेरियास ही जात तेवढी टेक्सासमध्येही सापडते. ती बुटकी, चपटी, आठ फाकांची आणि काटा औषधालाही नाही! अंगभर पांढरे ठिपके असतात ते म्हणजे बारीक केसांचे झुबके, मी आधी बुरशीच समजत होतो. ऑर्नाटम या दुसऱ्या जातीला मात्र चांगले दणकट काटे.

नावांचा घोळ तर विचारूच नका. लेमेअर नावाच्या फ्रेंच माणसानं 1839 मध्ये हा वंश मांडला, पण ॲस्टेरियासला 1845 मध्ये झुकारिनी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं एकायनोकॅक्टस या वेगळ्या वंशात टाकलं, तिथनं 1868 मध्ये लेमेअरनंच ती ॲस्ट्रोफायटममध्ये आणली. आणि कॅपुट-मेड्युसे ही जात तर 2001 मध्ये सापडली, लांब बोटांसारखी वाढते म्हणून 2002 मध्ये तिचा वेगळाच वंश केला डिजिटोस्टिग्मा म्हणून, पण फूल बघा, बी बघा, ठिपके बघा, सगळं ॲस्ट्रोफायटमचंच, मग 2003 मध्ये इकडंच आली. मला हे पटतं, नुसत्या अंगकाठीवरनं घराणं ठरवू नये.

मामांचा हिशोब याहून सोपा. चाकूनं ड्रॅगनच्या खोडाचा शेंडा सपाट कापायचा, वर ॲस्टेरियासचं रोप तसंच कापून बसवायचं, दोन्हीकडच्या मधल्या चकत्या एकमेकांवर आल्या पाहिजेत, रबर लावायचं, झालं कलम. ड्रॅगनपण कॅक्टसच ना, त्यामुळं जमतं. मी विचारलं, मग बांधावरच्या त्रिधारी निवडुंगावर? "आवं त्यो कुठं कॅक्टस हाय, चीक बघा की त्याचा," मामा म्हणाले. खरंय, तो युफोर्बिया, एरंडाच्या कुळातला. कॅक्टसला काटे येतात ते लोकरीसारख्या बारक्या गादीतनं, तिला एरिओल म्हणतात, ती युफोर्बियाला नसते. आपण मात्र दोघांनाही निवडुंगच म्हणतो. फड्या निवडुंग तेवढा खरा कॅक्टस, पण तोही अमेरिकेतनं आलेला.

बाग उन्हं कलल्यावर बघितली. सिमेंटचे खांब, वर रिंगा, त्यातनं लोंबणाऱ्या फांद्या. ड्रॅगनचाही हायलोसेरियस हा वंश 2017 मध्ये मोडीत काढून सेलेनिसेरियस या दुसऱ्या वंशात घातलाय, सांगितलं तर मामा म्हणतात, "मग दर वाढंल का?"

फुलं रात्री उमलतात आणि सकाळी माना टाकतात, त्यामुळं बघायचीच असतील तर पावसाळ्यात मुक्कामाच्या तयारीनं जा.