विहिरीतले पाणी कुठे चालले आहे?

पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगी परिसरात कचरा डेपोच्या आसपासच्या विहिरींचे पाणी बिघडले आणि रहिवाशांवर टँकरची वाट पाहण्याची वेळ आली, हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको. अशा ठिकाणी पाण्यात काय सापडले, हे सर्वांत आधी विचारले जाते. माझ्या मते त्याआधी ते पाणी कोणत्या बाजूला चालले आहे हे पाहावे, कारण त्याशिवाय नमुने कोणत्या विहिरींतून घ्यायचे हेच ठरत नाही.

त्यासाठी विहिरीत टेप सोडून पाण्याची खोली मोजावी लागते, पण नकाशावर ती खोली मांडायची नसते. जमिनीच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतून ती वजा करून येणारी पातळी मांडायची असते. समजा, एका विहिरीपाशी जमीन ५६० मीटर उंचीवर असून पाणी ६ मीटरवर आहे, तर दुसरीपाशी जमीन ५५५ मीटरवर आणि पाणी अवघ्या ३ मीटरवर. वाकून पाहणाऱ्याला दुसरीचे पाणी वर वाटेल, पण पातळ्या अनुक्रमे ५५४ आणि ५५२ भरतात. एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींच्या पातळ्या मिळाल्या की समपातळी रेषा (सारख्या पातळीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) काढता येतात, आणि पाणी साधारणपणे त्या रेषांना काटकोनात, उतरत्या पातळीकडे वाहते. विद्यार्थी असताना मी एका विहिरीच्या कठड्यावरून टेप सोडला आणि कठड्याची पाऊण मीटर उंची हिशेबातून काढायला विसरलो. माझ्या नकाशावर पाणी ओढ्याकडून टेकडीकडे वाहू लागले. (मोबाईलवर दिसणारी उंची तर कित्येक मीटरने चुकते, तिच्यावर विसंबू नये.)

वेगाचा अंदाज फ्रेंच अभियंता डार्सी यांनी १८५६ मध्ये मांडलेल्या नियमावरून करता येतो; पातळीचा उतार आणि खडकाची पारगम्यता, म्हणजे पाणी जाऊ देण्याची क्षमता, जितकी जास्त, तितका ओघ जास्त, असे तो सांगतो. वरील दोन विहिरींत ४०० मीटर अंतर, खडकाची पारगम्यता दिवसाला १ मीटर आणि पाणी वाहू देणारी पोकळी २ टक्के धरली, तर दूषित पाणी वर्षाला सुमारे ९० मीटर सरकते. वाळूमिश्रित गाळात पोकळी २० टक्के असेल, तर बाकी सारे तेच ठेवूनही ते ९ मीटरच जाते. भेगाळ बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, पाणी साठायला जागा थोडी असते, आणि म्हणूनच घाण लवकर पोचते.

मात्र बेसाल्टमध्ये हा नकाशा डोळे झाकून मानता येत नाही. एखादी उभी भेग पाण्याला आडवाट दाखवते, तर चोवीस तास चालणारा पंप ओघ स्वतःकडे वळवतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते; प्रदूषणाचा माग काढतानाही निदान मे आणि ऑक्टोबर असे दोन नकाशे हवेत. त्यांच्या जोडीला क्लोराइड तपासावे, कारण ते खडकाला फारसे न चिकटता पाण्याबरोबर चालते. नकाशा आणि क्लोराइड यांचे जमत नाही अशी विहीर भेटली, की मी तिच्या मालकाला खोदताना झरा मुरमात लागला, मांजऱ्यात (बारीक पोकळ्यांच्या मऊ बेसाल्टात) लागला की काळ्या पाषाणाच्या भेगेत, हे विचारतो आणि मग रेषा खोडायला घेतो.