वरचा कान कुठे जातो?

टो ट्रकवर चढून आलेली एमजी बी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. पुढच्या डाव्या चाकाचा नट दोन बोटांनी फिरत होता. मालक म्हणाले, "काका, ड्रायव्हर रोज ठोकतो. अजून किती घट्ट करायचा?"

बडोद्यात जुन्या गाड्यांची हौस आधीपासूनच. पण जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांची मोठी स्पर्धा झाली, तेव्हापासून जो तो क्रोम चमकवत सुटलाय.

या गाडीला तारांची चाकं. तारांच्या चाकाला चार-पाच बोल्ट नसतात. मधोमध एकच दोन कानांचा नट. इंजिनाचा आणि ब्रेकचा जोर हबचे (चाक ज्यावर चढतं तो मधला तुकडा) दाते पेलतात, नट फक्त चाक दाबून धरतो. गाडी चालताना तो चाकाच्या तोंडावर कणाकणाने घसरतो, चाक फिरतं त्याच्या उलट दिशेला. त्या घसरण्यानेच तो आवळला जावा म्हणून डावीकडे सुलटे आटे आणि उजवीकडे उलटे. थोडक्यात, वरच्या कानावर ठोका मारायचा तो उघडताना गाडीच्या तोंडाकडे, आवळताना शेपटीकडे.

मी ड्रायव्हरला म्हटलं, रोज कसं ठोकतोस, दाखव. त्याने हातोडा मारला (लोखंडी! क्रोमचे पापुद्रे निघालेले) आणि वरचा कान बंपरकडे गेला. नट आवळत होता, पण पुढे. मी त्याला तिथेच थांबवलं. उजवीकडे पाहिलं, तिथेही तेच. म्हणजे गाडी चालली की दोन्ही नट आवळायच्या ऐवजी सुटणार.

कुणीतरी बेअरिंग बदलताना पुढचे दोन्ही हब अदलाबदल करून चढवले होते. बसतात ते, कुरकुरसुद्धा करत नाहीत. नटावर बाजू आणि उघडायचा बाण कोरलेला असतो, पण क्रोमवाल्याने बफ मारून तो साफ गुळगुळीत केलेला. दुकान चकाचक, अक्कल शून्य.

हब काढले, आपापल्या बाजूला घातले, शिम (पातळ चकत्या) बदलून बेअरिंगची ढिलाई डायल गेजवर दोन ते चार हजारांश इंचात आणली, नव्या स्प्लिट पिना टाकल्या. दात्यांना ग्रीस. चाक हवेत ठेवून तांब्याच्या हातोड्याने नट ठोकले. बाण मालकांनी बाहेरून कोरू दिले नाहीत, स्पर्धेत मार्क कापतात म्हणे! मग आतल्या बाजूला पंच केले.

माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. हब उलटे बसले तर मूळ नट त्यावर चढतच नाही, आटे धरत नाहीत. म्हणजे त्या मिस्त्रीने डावा नट हातात घेतला असणार, तो फिरेना म्हणून उजवा लावून पाहिला असणार, आणि बसला म्हणून पुढच्या कामाला लागला असणार. गाडी त्याला सांगत होती, पण याला चहाला जायचं होतं.

मालकांनी माझ्यासमोरच बेअरिंग बदलणाऱ्या त्या गॅरेजला फोन लावला. उत्तर आलं, "नीट ठोकला नसेल तुमच्या ड्रायव्हरने."