सेव्हर्नच्या काठी, बार्बेलच्या मागावर

इंग्लंडमधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात बार्बेलसारख्या माशांसाठी गळ टाकता येत नाही. तो माशांच्या विणीचा काळ. बार्बेल मे-जूनच्या सुमारास उथळ, वाहत्या पाण्यातील खड्यांवर अंडी घालतो. बंदी उठताच पहिल्याच दिवशी काठावर बसणारे पुष्कळ असतात, परंतु माझ्या मते या माशाची खरी मजा उन्हाळा कलल्यावरच आहे, कारण तोवर तो विणीच्या थकव्यातून सावरून अंगाने पुन्हा भरलेला असतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला माझा मित्र आणि मी सेव्हर्न नदीवर अख्खा दिवस काढला, तो याच हिशेबाने.

बार्बेल हा आपल्या रोहू आणि महाशीरच्याच कुळातला. अंग लांबट, पोट सपाट, तोंड खालच्या अंगाला आणि त्याभोवती चार मिशा. या मिशांनी तळ चाचपत तो गोगलगायी, अळ्या, किडे शोधतो आणि घशातल्या दातांनी ते भरडतो. ब्रिटनमध्ये तो मुळात टेम्स, ट्रेंट अशा पूर्ववाहिनी नद्यांतला. सेव्हर्नमध्ये त्याला १९५६ साली केनेट नदीतून आणून सोडले गेले, आणि हे पाणी त्याला चांगलेच मानवले.

मित्राने सकाळी बराच वेळ गळ टाकूच दिला नाही. उकडून फुटलेल्या भांगेच्या बिया तो एका छोट्या डब्यात भरून पाण्यात सोडत होता; डबा तळाला टेकला की झाकण उघडते आणि बिया नेमक्या एकाच जागी पडतात. मासे निर्धास्तपणे खायला लागले पाहिजेत, मगच दोरी पाण्यात पडावी, ही त्याची पद्धत, आणि ती मला पूर्णपणे पटलेली आहे. नंतर आम्ही फीडर, म्हणजे चारा भरून तळाला टेकवायची छोटी वजनदार नळी, लावला. पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याची दाबून केलेली कडक गोळी, गळात टोचायची नाही, तर गळामागच्या बारीक दोऱ्याला बांधायची, म्हणजे मासा ती तोंडात घेतो तेव्हा गळाचे टोक मोकळे असते. गळ अर्थातच उलटा काटा नसलेला.

दुपार कोरडी गेली. स्वच्छ पाण्यात आणि लख्ख उन्हात बार्बेल सहसा आडोशाला दबून राहतो, त्यामुळे त्याची आम्हाला चिंता नव्हती. सावल्या पाण्यावर लांबल्या आणि माझ्या रॉडचे टोक दोनदा हलकेच थरथरले. ‘अजून नको,’ मित्र पुटपुटला. पुढच्या क्षणी रॉड असा वाकला की हात मुठीवर नसता तर तो नदीतच गेला असता. बार्बेल पाण्याबाहेर उसळी घेत नाही. तो तळाला धरून, रुंद पर प्रवाहात रोवून ओढत राहतो. दोरी ताणलेली ठेवायची आणि तो मुळांकडे वळला की बाजूने दाब देऊन त्याला फिरवायचे, एवढेच आपल्या हाती असते.

मात्र मला विशेष लिहायचे आहे ते जाळ्यात आल्यानंतरचे. हा मासा आपली सगळी ताकद खर्च करून येतो, आणि तसाच सोडला तर पोट वर करून वाहून जातो. मित्राने जाळे पाण्यातच धरून ठेवले. बार्बेलच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा करवतीसारखा दातेरी असतो आणि साध्या जाळीत अडकून माशाला इजा करतो, म्हणून आमचे जाळे मऊ, बारीक विणीचे होते. गळ पाण्यातच निघाला. अंदाजे साडेतीन किलोचा असावा. तो नेमका किती भरतो हे पाहण्यासाठी त्याला बाहेर काढावे, असे दोघांनाही वाटले नाही.

मी त्याला दोन्ही हातांनी सरळ, तोंड प्रवाहाकडे करून धरले. सोनेरी-तपकिरी अंग, नारिंगी झाक असलेले पर आणि सावकाश उघडझाप करणारे कल्ले. ‘शेपटीत जोर आला का बघ,’ असे मित्र अधूनमधून विचारत राहिला. बऱ्याच वेळाने शेपटीचा एक ठाम झटका बसला आणि मासा स्वतःच हातातून निसटून खोल पाण्यात गेला. पाणी कोमट असते तेव्हा त्यात प्राणवायू कमी असतो आणि हे सावरणे फार लांबते. म्हणूनच कडक उन्हाळ्याच्या आठवड्यांत बार्बेलसाठी जाऊच नये, या मताचा मी आहे.

अंधार पडता पडता मित्रालाही एक लागला, माझ्यापेक्षा लहान, पण चपळ. तो लवकर सावरला. शरदातल्या पावसाने नदी चढून गढूळ झाली की हाच मासा दिवसाढवळ्याही खातो. तेव्हा जड फीडर आणि वासाचे आमिष घेऊन काठालगतच्या संथ पाण्यात बसायचे, असे आम्ही सामान आवरताना ठरवले आहे.