साडेसहा इंची मिडबासची पारख : आधी टेबलावर, मग दारात

माझ्या हॅचबॅकच्या पुढच्या दोन दारांसाठी घेतलेली साडेसहा इंची मिडबासची (सबवूफरच्या वरचा, भरीव खालचा आवाज देणाऱ्या स्पीकरची) जोडी मी गेल्या पाच आठवड्यांत दोनदा तपासली, एकदा टेबलावर आणि एकदा दारात, आणि दुसऱ्या तपासणीत मी ती जवळजवळ नापास केली होती. जोडीचे नाव येथे देत नाही, कारण एकाच जोडीच्या मोजमापांवरून कंपनीबद्दल मत बनवणे योग्य नाही. या ड्रायव्हरकडून, म्हणजे स्पीकरकडून (गाडी चालवणाऱ्याला पुढे मी चालक म्हणतो), माझी अपेक्षा ८० ते सुमारे ३२० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्याची आहे. खालची बाजू डिकीतला सबवूफर (सर्वांत खालच्या आवाजाचा स्पीकर) सांभाळतो आणि वरची बाजू ए-पिलरमधला, म्हणजे पुढच्या काचेशेजारच्या खांबातला, तीन इंची मिडरेंज. पट्टा दोनच सप्तकांचा असला तरी डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची थाप आणि पुरुषी आवाजाचा भरीवपणा त्यातच राहतो, आणि तो पोकळ राहिला तर उरलेल्या यंत्रणेवर केलेला खर्च ऐकूच येत नाही.

टेबलावरची तपासणी म्हणजे मुख्यतः इम्पिडन्सचा (वारंवारतेनुसार बदलणाऱ्या विद्युत विरोधाचा) आलेख. १०० ओहमचा एक रेझिस्टर, संगणकाला जोडलेला साउंड इंटरफेस आणि रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर एवढ्या सामग्रीवर तो काढता येतो. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे नेलेले, स्पीकरचे वर्तन मोजक्या आकड्यांत पकडणारे गणित आजही तेवढेच उपयोगी आहे, आणि सॉफ्टवेअर आकडे आपोआप देत असले तरी एकदा ते हाताने करून पाहावे असे मला मनापासून वाटते, कारण मग आलेखातला उंचवटा नेमके काय सांगतो ते डोळ्यांना दिसू लागते. माझ्या ड्रायव्हरचा डीसी रोध ३.२ ओहम भरला आणि उंचवट्याचे शिखर ६१ हर्ट्झवर २८.८ ओहम, म्हणजे रोधाच्या नऊपट. हे ६१ हर्ट्झ म्हणजे ड्रायव्हरचा अनुनाद, कोन ज्या वारंवारतेला आपणहून सर्वांत सहज हलतो ती. नवाचे वर्गमूळ तीन, म्हणून ९.६ ओहमची आडवी रेघ उंचवट्याला कुठे छेदते ते पाहिले, तर ४५.२ आणि ८२.२ हर्ट्झ हे दोन बिंदू मिळाले. त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ पुन्हा ६१ च्या अगदी जवळ येते, म्हणजे मोजणीत मोठी चूक नाही. क्यू म्हणजे अनुनादाला कोनची हालचाल किती आवरली जाते याचे माप, तो जितका लहान तितका आवर जास्त. वरच्या आकड्यांवरून यांत्रिक क्यू ४.९५, विद्युत क्यू ०.६२ आणि एकूण क्यू ०.५५ निघाला. दारासारख्या मोठ्या आणि पुरत्या बंद न होणाऱ्या पोकळीसाठी मला साधारण ०.५ ते ०.७ एवढा एकूण क्यू हवाच होता. ०.३५ च्या आसपासचा ड्रायव्हर छोट्या पेटीत उत्तम वाजेल, पण दारात त्याचा खालचा आवाज लवकर उतरू लागतो.

हे आकडे ड्रायव्हर रुळल्यानंतरचे आहेत. खोक्यातून काढल्या दिवशी अनुनाद ६८ हर्ट्झवर आणि एकूण क्यू ०.६१ होता, नंतर दोन दिवस मिळून दहा तास कमी वारंवारतेचा स्वर वाजवला, तेव्हा सराउंड आणि स्पायडर (कोनला कडेने आणि मागून धरणारे लवचीक भाग) मोकळे झाले. मात्र अनुनाद आणि क्यू दोन्ही सारख्याच प्रमाणात खाली आले, त्यांचा भागाकार आधीही सुमारे १११ होता आणि नंतरही तेवढाच राहिला. याचा अर्थ असा की रुळवल्याने मोजमाप स्थिर होते, पण दारात ऐकू येणारा बास त्यामुळे नाट्यमय रीतीने वाढत नाही.

हलत्या भागाचे वजन काढण्यासाठी कोनवर ठराविक वजन चिकटवून अनुनाद किती खाली येतो ते पाहावे लागते. मुलीच्या खेळण्यातली मऊ माती घेतली आणि ओळखीच्या सराफाच्या काट्यावर नेमके १० ग्रॅम तोलून घेतली. मातीची बारीक वळी करून डस्ट कॅपच्या (कोनच्या मधोमध असलेल्या टोपीच्या) कडेने गोल बसवली. एकाच जागी गोळा लावला तर कोन डगमगतो आणि शिखराच्या बाजूला दुसरे छोटे शिखर दिसू लागते. अनुनाद ४८.९ हर्ट्झवर आला, म्हणजे हलते वजन १८ ग्रॅम. अर्ध्या सराउंडसह कोनचा व्यास १३.२ सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ १३७ चौरस सेंटिमीटर आणि व्हीएएस (कोनच्या आधाराइतकीच लवचीक असणारी हवा किती, ते माप) सुमारे १० लिटर येतो. यावरून काढलेली संवेदनशीलता एका वॉटला एका मीटरवर साडेसत्याऐंशी डेसिबल भरते. खोक्यावर ९० पेक्षा मोठा आकडा छापलेला आहे, पण तो २.८३ व्होल्टवरचा आहे. एवढा दाब आठ ओहममध्ये एक वॉट देतो, तर चार ओहममध्ये दोन वॉट. दोन ड्रायव्हरांची तुलना करताना ही अट आधी वाचावी.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कोनच्या हालचालीचा हिशेब. या क्षेत्रफळाचा कोन एका दिशेने ४ मिलिमीटर हलला, तर मोठ्या पृष्ठभागात बसवलेल्या अवस्थेत ८० हर्ट्झला एका मीटरवर जास्तीत जास्त सुमारे ९९ डेसिबल मिळतात, आणि एक सप्तक खाली, ४० हर्ट्झला, तेवढ्याच हालचालीत फक्त ८७. आवाज तोच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे असेल तर हालचाल चौपट लागते. गाडीची केबिन खालच्या टोकाला मदत करते हे खरे, तरीही दारातल्या साडेसहा इंची ड्रायव्हरकडून सबवूफरचे काम करून घेण्याचा आग्रह का धरू नये, ते या एका हिशेबातून कळते.

त्यानंतर दारे. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलची (थरथर शोषणाऱ्या रबराची) शीट लावली, आतल्या पत्र्यावरची मोठी भोके दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांनी बंद केली. या पट्ट्या स्क्रूवर आहेत, कारण काचेची मोटर कधी ना कधी बिघडते आणि तिथे हात पोहोचावा लागतो. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके उघडीच ठेवली आणि काम संपल्यावर काचेच्या पट्टीवर तांब्याने पाणी ओतून ते खालून वाहते याची खात्री केली. ड्रायव्हरखालच्या रिंगसाठी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला फळा) न वापरता एचडीपीई (घट्ट प्लास्टिक) वापरले, कारण आपल्या पावसाळ्यात दाराच्या आत एमडीएफ फुगते. शीट लावण्यापूर्वी इम्पिडन्सच्या आलेखात १३० आणि १९० हर्ट्झजवळ दोन लहान खाचा होत्या. पत्रा थरथरतो तेव्हा तो कोनवर उलट दाब देतो आणि त्याचा ठसा आलेखात उमटतो. शीटनंतर १९० ची खाच गेली, १३० ची पुसट झाली.

आणि तरीही उजवे दार पोकळ वाजत होते. मायक्रोफोन चालकाच्या डोक्याजवळ ठेवून पाहिले, तर १५० हर्ट्झच्या खाली उजवी बाजू डावीपेक्षा ४ ते ५ डेसिबल कमी होती, वास्तविक उजवे दार चालकाच्या जवळ. ड्रायव्हर सदोष आहे असे मी वहीत लिहून ठेवले होते. पण निर्णय घेण्यापूर्वी मायक्रोफोन डस्ट कॅपपासून ५ मिलिमीटरवर धरून दोन्ही दारे मोजली, आणि त्या अंतरावर दोन्ही आलेख एकमेकांवर बसले. मग ३० सेंटिमीटरवर मोजले, तेव्हा फरक पुन्हा दिसला. कोन सारखाच हलतो आहे आणि दूर गेल्यावर बास नाहीसा होतो, याचा अर्थ मागची हवा कुठून तरी पुढे येऊन पुढच्या लहरीला खोडते आहे. ४० हर्ट्झचा स्वर हळू लावून रिंगभोवती ओले बोट फिरवले, तर खालच्या डाव्या स्क्रूपाशी फुंकर लागली. तेथे पत्र्याला कारखान्यातच एक उथळ खळगा आहे आणि सपाट रिंग त्यावर पूल बांधल्यासारखी टेकली होती. ब्युटाइलची दोरी त्या खळग्यात भरून रिंग पुन्हा आवळली. उजवी बाजू भरून निघाली आणि वहीतली ती ओळ मी खोडली.

दोन्ही दारे एकत्र वाजवली तेव्हा १२० हर्ट्झजवळ ९ डेसिबलचा खड्डा पडला, जो एकेका दाराच्या आलेखात नव्हता. माझ्या केबिनची आतली रुंदी सुमारे १.४ मीटर आहे आणि एवढ्या रुंदीत साधारण १२३ हर्ट्झची अर्धी लहर मावते. त्या वारंवारतेजवळ दोन बाजूंच्या लहरी चालकाच्या जागी उलट कलेत येऊन, म्हणजे एक हवा ढकलत असताना दुसरी ओढत असल्याने, एकमेकींना खातात. ईक्यूने (ठराविक वारंवारतेचा आवाज वाढवण्याच्या सोयीने) हा खड्डा भरत नाही, केवळ ॲम्प्लिफायरची ताकद वाया जाते. दोन दारांच्या अंतरातील ५० सेंटिमीटर फरकासाठी सुमारे १.४५ मिलिसेकंदांचा विलंब आधीच दिलेला होता. त्यावर डाव्या बाजूला १२० हर्ट्झचा ऑल-पास फिल्टर (आवाजाची पातळी न बदलता फक्त कला बदलणारा) लावला, तेव्हा खड्डा ४ डेसिबलवर आला. त्यापुढे तो मला हटवता आलेला नाही.

ऐकण्याच्या परीक्षेत मी तंबोऱ्यावर फार विसंबलो नाही. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, पण जवारीमुळे (घोडीवरच्या तारेच्या झंकारामुळे) वरचे स्वनक, म्हणजे उपस्वर, इतके समृद्ध असतात की मूळ स्वर गायब असला तरी कान तो मनातच पूर्ण करतो. डग्गा मात्र काही लपवू देत नाही. मनगटाचा दाब देत हात शाईकडे सरकवला की स्वर अखंड वर चढतो, आणि मिडबासच्या पट्ट्यातून जाणारी एवढी सलग रेषा दुसऱ्या वाद्यात मला सापडलेली नाही. गळती असताना ही मींड मध्येच पातळ होऊन पुन्हा जाड होत असे. आता ती डॅशबोर्डच्या उंचीवर, एका जागी, एकाच जाडीने चढते. १२० जवळ किंचित अशक्त होते, पण तुटत नाही.

क्रॉसओव्हर (सबवूफर आणि मिडबास यांच्यात पट्टा वाटणारा फिल्टर) ८० हर्ट्झला, सप्तकाला २४ डेसिबलच्या लिंकविट्झ-रायली प्रकारच्या उताराचा ठेवला आहे. ६३ हर्ट्झवरही दोन दिवस चालवून पाहिले. हळू आवाजात ते अधिक उबदार वाटले, पण महामार्गावर आवाज वाढवताच तिसरा हार्मोनिक (मूळ स्वराच्या तिप्पट वारंवारतेची विकृती) वर आला आणि गायकाचे शब्द डग्ग्याच्या प्रत्येक आघाताला थरथरू लागले, म्हणून परत ८० वर आलो. जोडी राहणार आहे. डाव्या दाराच्या कुलपाची दांडी १४० हर्ट्झला अजून वाजते. येत्या रविवारी दार उघडून तिला फेल्टची पट्टी गुंडाळायची आहे आणि त्यानंतर दोन्ही दारांचा इम्पिडन्स पुन्हा मोजायचा आहे.