लाल-निळी पेन्सिल

माझ्या टेबलाच्या खणात एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळी अशी एक जुनी पेन्सिल आहे. हिशेबाच्या कचेऱ्यांत पूर्वी अशी पेन्सिल ज्याच्या-त्याच्या कानावर अडकवलेली दिसे आणि मीही नोकरीभर ती खतावण्यांवर खुणा करण्यासाठीच वापरली. निवृत्तीनंतर तिला एकच काम उरले आहे, ते म्हणजे अमेरिकेच्या कोऱ्या नकाशातली राज्ये रंगवण्याचे. राष्ट्राध्यक्षपदासाठी अमुक आणि उपराष्ट्राध्यक्षपदासाठी तमुक अशी एखादी जोडी मनाशी जमवायची, ती कोणकोणती राज्ये जिंकेल याचा अंदाज घेत डेमोक्रॅटांची निळी आणि रिपब्लिकनांची लाल करायची आणि जिंकलेल्या राज्यांच्या निर्वाचक मतांची बेरीज विजयाला लागणाऱ्या २७० पर्यंत पोहोचते की नाही ते पाहायचे, एवढाच हा खेळ आहे. या खेळात पेन्सिलीचे लाल टोक निळ्याच्या आधी झिजते, हे माझ्या फार लवकर लक्षात आले. माँटाना, वायोमिंग आणि दोन्ही डाकोटा रंगवताना मनगट दुखून येते आणि एवढे करून पदरात पडतात अवघी १३ मते; उलट न्यू जर्सीवर निळे टोक दोनदा फिरवले की १४ मतांची जमा होते. जमिनीला मत नसते, माणसांना असते, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा मला या पेन्सिलीने चांगले शिकवले.

आपल्याकडे तिकीट एकट्याला मिळते आणि दुसऱ्या एकट्याचे कापले जाते. अमेरिकेत तिकीट जोडीचे असते. मतदार एकच खूण करतो आणि ती दोघांनाही पोहोचते. वरचा पसंत आणि खालचा नापसंत अशी सोय त्याला नाही. त्यामुळे ही जुळवाजुळव मला नेहमी लग्ने जमवणाऱ्या मध्यस्थाच्या उद्योगासारखी वाटत आली आहे. एक उत्तरेकडचा असेल तर दुसरा दक्षिणेकडचा पाहावा, एक तापट असेल तर दुसरा थंड डोक्याचा असावा, एकाला राज्यकारभाराचा अनुभव असेल तर दुसऱ्याला सिनेटचा असावा आणि येणाऱ्याने शक्यतो माहेरचे राज्य बरोबर घेऊन यावे, असे या पत्रिका पाहण्याचे साधारण नियम आहेत. यांतल्या शेवटच्या नियमावर माझा पूर्वी फार विश्वास होता.

मुळात अमेरिकेच्या राज्यघटनेत जोडी नव्हतीच. राज्यांनी अध्यक्ष निवडण्यासाठी नेमलेला प्रत्येक निर्वाचक दोन मते देत असे. ज्याला सर्वाधिक मते पडतील तो अध्यक्ष आणि त्याच्या खालचा उपाध्यक्ष, असा सरळ मामला होता. १८०० साली जेफरसन आणि बर या एकाच पक्षाच्या दोघांना प्रत्येकी ७३ मते पडली आणि पंचाईत झाली. निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि १८०१ च्या फेब्रुवारीत तिथे तब्बल ३६ वेळा मतदान घ्यावे लागले, तेव्हा कुठे जेफरसन अध्यक्ष आणि बर उपाध्यक्ष झाले. आपल्याकडे पत्रिकेत ३६ गुण जुळले तर योग उत्तम मानतात आणि वाकडे असणाऱ्यांत छत्तीसचा आकडा आहे असेही म्हणतात; या दोघांच्या वाट्याला तो आकडा दुसऱ्या अर्थाने आला. पुढच्या निवडणुकीत जेफरसन यांच्या बरोबर बर नव्हते. १८०४ साली घटनेत बारावी दुरुस्ती होऊन अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्यासाठी वेगवेगळे मत देण्याची पद्धत आली, आणि आज आपण ज्याला जोडी म्हणतो तिचा संसार कायदेशीरपणे सुरू झाला.

याच दुरुस्तीत एक कलम असे आहे की ते वाचून मला थेट आपल्या आजीपणजीची आठवण झाली. निर्वाचकाने आपल्या दोन मतांपैकी निदान एक तरी स्वतःच्या राज्याबाहेरच्या माणसाला दिले पाहिजे. म्हणजे दोघेही एकाच राज्याचे रहिवासी असतील तर त्या राज्याच्या निर्वाचकांना दोघांनाही मत देता येत नाही. सगोत्र विवाहाला मनाई नाही, पण माहेरचा अहेर निम्मा बुडतो! २००० साली जॉर्ज बुश आणि डिक चेनी हे दोघेही टेक्सासचे रहिवासी होते. चेनी यांनी मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली, म्हणजे आपल्या भाषेत गोत्र बदलून घेतले, आणि कार्य पार पडले. १९८० च्या जुलैत डेट्रॉइटच्या अधिवेशनात रेगन यांनी माजी अध्यक्ष फोर्ड यांना जोडीला घ्यावे, अशी बोलणी एका संध्याकाळी बरीच पुढे गेली होती. तोपर्यंत रेगन यांच्याप्रमाणे फोर्डही कॅलिफोर्नियाचे रहिवासी झालेले होते आणि तिथली ४५ मते काही थोडकी नव्हती. पण गोत्राचा प्रश्न निघण्याआधी मानपानाचाच निघाला आणि बोलणी मोडली. एका घरात दोन यजमान नांदत नाहीत. अलीकडे २०२४ मध्ये ट्रम्प आणि मार्को रुबियो यांची जोडी अनेकांनी कागदावर जमवली, तेव्हाही दोघेही फ्लॉरिडाचे असल्याने तिथल्या ३० मतांचे काय करायचे, या प्रश्नापाशी गाडी अडखळत होती.

माहेरचे राज्य बरोबर येते, हा समज पक्का करण्याचे श्रेय १९६० सालाकडे जाते. मॅसॅच्युसेट्सच्या तरुण, कॅथलिक केनेडींना टेक्सासचे लिंडन जॉन्सन मिळाले. जॉन्सन यांनी आगगाडीने दक्षिणेचा दौरा केला आणि टेक्सासची २४ मते सुमारे ४६ हजारांच्या फरकाने केनेडींच्या पदरात पडली. या एका उदाहरणावर पुढच्या कित्येक पिढ्यांतल्या नकाशे रंगवणाऱ्यांनी गुजराण केली आहे आणि त्यांत मीही आलो. पुढे १९८८ मध्ये तोच विडा पुन्हा मांडला गेला. मॅसॅच्युसेट्सचेच डुकाकिस, जोडीला टेक्सासचेच लॉइड बेंट्सन. जॉन्सन यांच्यासाठी टेक्सासने केलेल्या कायद्यामुळे बेंट्सन यांना सिनेटची निवडणूकही त्याच दिवशी लढवता येत होती. निकाल असा लागला की टेक्सासच्या मतदारांनी त्याच मतपत्रिकेवर बेंट्सन यांना सिनेटर म्हणून भरघोस मतांनी निवडून दिले आणि उपाध्यक्ष म्हणून घरी बसवले. मुलगी आमची, लाडकीही आहे, पण म्हणून जावयाचे कर्ज आम्ही फेडायचे का, असा त्या मतदारांचा रोकडा हिशेब असावा. मला तो पटतो.

उपाध्यक्षाचे सोडा, खुद्द अध्यक्षपदाच्या उमेदवाराला स्वतःचे घर राखता येईल याचीही खात्री नसते. २००० साली अल गोर यांना टेनेसीने नाकारले. फ्लॉरिडातल्या ५३७ मतांच्या फरकावर महिनाभर कोर्टकज्जे चालले, मतपत्रिकांची भोके भिंगातून पाहिली गेली. पण टेनेसीची ११ मते गोर यांना मिळाली असती तर फ्लॉरिडात कोण जिंकले हे विचारायचीही गरज पडली नसती. त्याच्या आठच वर्षे आधी क्लिंटन आणि गोर ही जोडी सगळे नियम धाब्यावर बसवून जिंकली होती. आर्कान्सा आणि टेनेसी ही शेजारची राज्ये, दोघेही दक्षिणेचे, दोघेही चाळिशीतले. कोणत्याही मध्यस्थाने ती पत्रिका परत पाठवली असती.

आणखी एक गोष्ट मला नकाशा रंगवता रंगवता उमगली. ज्यांना खरोखर जोडीदार निवडायचा असतो ते राज्यांच्या आकड्याकडे आपल्याइतके पाहतच नाहीत. चेनी यांचे वायोमिंग ३ मतांचे. २००८ मध्ये ओबामांनी निवडलेल्या बायडन यांचे डेलावेअर ३ मतांचे आणि त्याच वर्षी मॅकेन यांनी निवडलेल्या सारा पेलिन यांचे अलास्काही ३ मतांचेच. याहून कमी मतांचे राज्य अमेरिकेत नाही. आम्ही घरबसले मध्यस्थ हुंड्याची बेरीज करत बसतो आणि नवरदेव मात्र भलतेच काही पाहून होकार देतो.

तरीही बेरीज करण्याचे सुख निराळे आहे आणि २०२४ च्या निकालाने त्या सुखाची चांगलीच सोय करून ठेवली आहे. कमला हॅरिस यांना २२६ मते मिळाली. कुंपणावरची सातही राज्ये गेली, त्यांची मते एकूण ९३. त्या वेळी माझ्यासह अनेकांचे म्हणणे होते की मिनेसोटाच्या टिम वॉल्झ यांच्याऐवजी पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो यांना घ्यायला हवे होते, कारण दोनच वर्षांपूर्वी ते आपल्या राज्यात जवळजवळ १५ टक्क्यांच्या आघाडीने निवडून आलेले होते आणि हॅरिस यांची तिथली तूट तर सुमारे सव्वा लाख मतांचीच निघाली. नकाशा काढून पेनसिल्व्हेनिया निळे केले. २२६ आणि १९ मिळून २४५. अजून २५ कमीच! हा हिशेब मी तीन वेळा केला, कारण इतके दिवस मोठ्या आवाजात केलेला युक्तिवाद तीन ओळींच्या बेरजेने निकालात निघावा, हे मनाला मानवत नव्हते.

मग पुढची जोडी घेतली. मिशिगनच्या दोनदा गव्हर्नर झालेल्या ग्रेचेन व्हिटमर आणि हेच शपिरो. माहेर-सासर दोन्ही बरोबर येतात असे मोठ्या मनाने धरले, तर १५ आणि १९ मिळून ३४, म्हणजे एकूण २६०. उरली दहा आणि विस्कॉन्सिनची मते नेमकी दहा. असा नेमका ताळा जमला की माझ्यातला जुना हिशेबनीस खुलतो. समोरच्या रिपब्लिकन बाजूला ट्रम्प यांचे २०२४ चे जोडीदार व्हान्स आणि रुबियो अशी जोडी मांडली तर ओहायोची १७ आणि फ्लॉरिडाची ३० मते दिसायला भारदस्त दिसतात, पण ती राज्ये आधीच लाल आहेत. घरातलेच दागिने घरातल्याच पेटीत ठेवल्यासारखे होते.

पेनसिल्व्हेनियात माझा भाचा राहतो. तो तिथला नागरिक आहे, मतदार आहे आणि त्यामुळे माझ्या दृष्टीने त्या १९ मतांचा अधिकृत प्रवक्ता आहे. रविवारी सकाळी फोनवर मी त्याला शपिरोंचे गणित ऐकवले, तर तो म्हणाला, "मामा, निवडणुकीच्या दिवसांत आमच्या टपालपेटीत रोज सहा-सहा गुळगुळीत पत्रकं यायची. इथे रद्दीवाला असता तर वर्षाच्या दुधाचे पैसे सुटले असते. पण उपाध्यक्ष कोण हे बघून मत देणारा एक माणूस मला अजून भेटायचाय." मी म्हटले, "अरे, पण तुमच्याच राज्याचा गव्हर्नर!" त्यावर तो म्हणाला, "म्हणून तर. गेला तर इथे कोण बघणार?" हे उत्तर माझ्या वहीत कुठल्याच रकान्यात बसेना.

आमच्या सौभाग्यवतींचा आक्षेप याहून मूलभूत आहे. "एवढी लग्नं जमवताय, त्या दोघांना विचारलंय का कुणी?" असे त्या चहाचा कप ठेवता ठेवता विचारतात. हे खरेच आहे. २००४ मध्ये डेमोक्रॅट केरी यांनी रिपब्लिकन मॅकेन यांना चाचपून पाहिले, तेव्हा नकाशे रंगवणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटले होते. पण मॅकेन तयार झाले नाहीत आणि विषय संपला.

मराठी माणूस या खेळात आपला माणूस शोधणारच. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून गेले, तेव्हा एका मित्राने त्यांना थेट जोडीत बसवून १५ मतांचा हिशेब मला सांगितला. मला त्याचा हिरमोड करावा लागला. अध्यक्ष जन्माने अमेरिकेचा नागरिक असला पाहिजे, असे मूळ घटनाच सांगते आणि जो अध्यक्ष होऊ शकत नाही तो उपाध्यक्षही होऊ शकत नाही, असे तीच बारावी दुरुस्ती सांगते. मित्र थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "बरं, मग त्यांच्या पुढच्या पिढीचं बघ."

या सगळ्या राज्यांत मला सर्वांत प्रिय आहे नेब्रास्का, कारण मेनप्रमाणे तेही आपली सगळी मते एकगठ्ठा देत नाही. तिथल्या पाच मतांपैकी तीन मतदारसंघांना एकेक जाते आणि त्यांतला ओमाहा शहराचा मतदारसंघ लाल समुद्रात निळ्या बेटासारखा अधूनमधून वर येतो. २०२४ मध्ये तिथल्या लोकांनी घरांपुढे नुसता निळा ठिपका असलेले पांढरे फलक लावले होते. वॉल्झ यांचा जन्म नेब्रास्कातला, म्हणून ते मत त्यांच्या खाती मांडण्याचा मोह होतो, पण २०२० मध्ये बायडन यांनाही ते मिळालेच होते. हॅरिस यांच्या २२६ मध्ये हे एक मत धरलेले आहे. २०२४ च्याच सप्टेंबरात राज्याचा मते वाटून देण्याचा कायदा बदलून पाचही मते एकगठ्ठा करण्याचा प्रयत्न झाला आणि फसला. तो साधला असता, तर पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन जिंकूनही निळ्यांची बेरीज २६९ वर अडली असती आणि समोरही २६९. अशा वेळी प्रतिनिधिगृहात प्रत्येक राज्याला एक मत मिळते, म्हणजे कॅलिफोर्नियाचेही एक आणि वायोमिंगचेही एकच, आणि ते अध्यक्ष निवडतात. उपाध्यक्षाची निवड मात्र सिनेट करते. दोन सभागृहांत वेगवेगळ्या पक्षांचे पारडे जड असेल, तर एकमेकांविरुद्ध वर्षभर भांडलेल्या दोघांचेच लग्न लागू शकते. एवढी विजोड जोडी तर मलाही कधी सुचली नव्हती.

हा २६९ चा नकाशा एकदा स्वच्छ रंगवून ठेवावा म्हणून परवा बसलो होतो. माझ्या नकाशावर ओमाहा मुगाच्या दाण्याएवढेही नाही. तिथे लाल ठिपका द्यायचा तर पेन्सिलीला बारीक टोक हवे. म्हणून शार्पनर घेतला. दोन वेढे फिरले आणि लाल संपून त्याच बाजूने निळे दिसू लागले.